कान तयार, नजर तयार: इंद्रियांच्या आणि बुद्धीच्या तल्लखपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी अमावास्येच्या आसपास हौशी मंडळींना घेऊन आकाशदर्शनाला जातो. मध्यरात्र उलटली की लोक ताऱ्यांबद्दल कमी आणि स्वतःच्या डोळ्यांबद्दल जास्त विचारायला लागतात. डोळ्यांवरून गाडी कानांवर येते, कानांवरून नाकावर, आणि चहाचा थर्मास उघडेपर्यंत ‘आमच्या धाकट्याची बुद्धी तल्लख व्हायला काय करू?’ इथवर पोचते. प्रश्न दरवेळी साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतो आहे.

काळोखात माणसाच्या डोळ्याला किती दिसतं?

तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी पट जास्त. फक्त डोळ्याला वेळ द्यावा लागतो. उजेडातून अंधारात आल्यावर पाच-दहा मिनिटांत थोडंफार दिसू लागतं, ते दृष्टिपटलावरच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या) शंकुपेशींच्या जोरावर. त्या एका डोळ्यात साधारण ६० लाख असतात. खरी कमाल मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींची, आणि त्या जवळजवळ १२ कोटी. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडात विरतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. त्याला अर्धा तास तरी लागतो.

हा अर्धा तास कसा वाया जातो ते सांगतो. एकदा पंचवीस मिनिटं झाली होती, आकाशगंगेचा पट्टा उलगडायला लागला होता, बडबड आपोआप थांबली होती. तेवढ्यात एका काकांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी तो बाहेर काढला, पडदा भक्कन उजळला, आजूबाजूच्या आठ-दहा जणांच्या माना तिकडे वळल्या. झालं, सगळ्यांचं ऱ्होडॉप्सिन पाण्यात. ‘अहो, नुसता गुड नाइटचा मेसेज होता,’ काका सांगत राहिले.

नेमका आकडा हवा असेल तर १९४२ साली कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढला. अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या दृष्टिपटलाने प्रकाशाचे फक्त पाच ते चौदा कण, म्हणजे फोटॉन, शोषले तरी माणूस ‘दिसलं’ म्हणतो. २०१६ साली व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांनी एकेकटा फोटॉन डोळ्यात सोडून पाहिलं. लोकांनी निव्वळ अंदाजापेक्षा जरा जास्त वेळा बरोबर सांगितलं. जरा म्हणजे शंभरात एखाद-दोन वेळा, त्यामुळे फार कॉलर ताठ करू नका. पण फोटॉनपेक्षा लहान प्रकाश नसतोच. या बाबतीत निसर्गाने सुधारणेला जागा ठेवलेली नाही.

तुम्ही ‘सरळ बघू नका, जरा बाजूला बघा’ का सांगता?

कारण नजर जिथे रोखतो त्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच, सगळ्या शंकुपेशी असतात. वाचायला, सुईत दोरा ओवायला त्या उत्तम, अंधारात निरुपयोगी. देवयानी दीर्घिका, जिचा प्रकाश २५ लाख वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत येतो, ती रोखून बघितलं की नाहीशी होते आणि नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा कापसाच्या पुंजक्यासारखी उमटते. नवख्या माणसाला हे जमायला दहा मिनिटं लागतात. डोळा तोच असतो, त्याला बघायचं कसं एवढंच शिकवायचं असतं. पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये हीच गोष्ट पुन्हा भेटेल.

अरुंधती दिसली म्हणजे नजर तीक्ष्ण का?

लग्नात भटजी दाखवतात ती हीच, सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची. खरं सांगायचं तर परीक्षा तशी सोपी आहे. दोघांमधलं अंतर १२ कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या दोन पंचमांश. निरोगी डोळ्याला एका कलेइतकं बारीक अंतर ओळखता येतं. शहरात अरुंधती दिसत नाही त्याचा दोष बहुतेक वेळा रस्त्यावरच्या दिव्यांचा असतो. कठीण पेपर हवा असेल तर अभिजित ताऱ्याजवळचा एप्सिलॉन लायरी हा जोडतारा बघा. दोन ताऱ्यांमध्ये साडेतीन कलांचं अंतर आहे. काहींना दोन स्वच्छ वेगळे दिसतात, काहींना एकच लांबोडका ठिपका.

जुन्या शास्त्रकारांनी या अरुंधतीवरून एक न्यायच केला आहे: आधी जवळचा ठळक तारा दाखवावा, मग त्याच्या आधाराने बारीक. आकाश दाखवायची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

कुत्र्यापुढे आपलं नाक म्हणजे शून्यच ना?

हा गैरसमज एकोणिसाव्या शतकातला आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने माणसाच्या मेंदूतला वासाचा भाग एकूण मेंदूच्या मानाने लहान असल्याचं पाहून माणसाला ‘नाक गमावलेल्या’ प्राण्यांत टाकलं. पुढे पाठ्यपुस्तकं तेच गिरवत राहिली. २०१७ साली जॉन मॅकगॅन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या समजुतीची नीट चिरफाड केली.

कुत्रा आपल्यापेक्षा सरस आहे, यात वाद नाही. पण आपल्याकडेही वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (वासाचे रेणू ओळखणारे रिसेप्टर) आहेत, आणि काही वासांच्या बाबतीत आपलं नाक चकित करतं. पहिल्या पावसाचा मृद्गंध घ्या. त्यातला मुख्य रेणू जिओस्मिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तो तयार करतात. एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्याला कळतात. बीट काहींना मातकट लागतं तेही याच जिओस्मिनमुळे. कनौजचे अत्तरवाले हाच वास भाजक्या मातीतून काढून ‘मिट्टी’ अत्तर म्हणून विकतात.

२००७ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला एक मजेशीर प्रयोग झाला. गवतावर चॉकलेटच्या अर्काची दहा मीटरची रेघ ओढली, विद्यार्थ्यांचे डोळे-कान बंद केले आणि गुडघ्यांवर बसवून ‘शोधा’ म्हणून सांगितलं. दोन तृतीयांश जणांनी कुत्र्यासारखं नागमोडी हुंगत माग काढला. काही दिवसांच्या सरावाने त्यांचा वेगही वाढला. नाक होतंच, आजवर कोणी ते जमिनीला लावलं नव्हतं इतकंच.

आणि स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या निवृत्त परिचारिकेची गोष्ट. पतीच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांना त्याच्या पार्किन्सन्सचं (कंपवाताचं) निदान होण्याच्या बारा वर्षं आधीच जाणवलं होतं. एडिंबराच्या शास्त्रज्ञांनी त्यांना बारा टी-शर्ट हुंगायला दिले: सहा रुग्णांचे, सहा निरोगी माणसांचे. त्यांनी सात रुग्णांचे म्हणून काढले. एक चुकलं असं सगळ्यांना वाटलं. काही महिन्यांनी त्या सातव्या माणसालाही पार्किन्सन्सचं निदान झालं.

घरात गॅस सुटल्याचं आम्हाला कळत नाही, बाहेरून आलेल्याला लगेच कळतं. असं का?

नाक सतत येणारा वास काही मिनिटांत ‘जुना’ ठरवून बाजूला टाकतं. म्हणून दुसऱ्याच्या घराला वास असतो आणि आपल्या घराला नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन मिसळतात. पण हळूहळू गळत असेल तर स्वयंपाकघरातलं नाक त्याला सरावू शकतं. आलेला पाहुणा ‘गॅसचा वास येतोय’ म्हणाला तर ‘छे, काही नाही’ म्हणू नका. शेगडी न पेटवता, विजेच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा आणि दारं-खिडक्या उघडा.

गाणाऱ्यांचा कान ‘तयार’ असतो म्हणतात. तो जन्मजात असतो की कमावलेला?

कानाचं मूळ यंत्र सगळ्यांना मिळतं आणि ते अफाट आहे. अगदी पुसट आवाज ऐकताना कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला एका सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका उशिरा पोचला, तरी मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. तेवढ्या वेळात आवाज जेमतेम साडेतीन मिलिमीटर पुढे जातो.

तयारी मात्र वेगळी. तंबोरा लागताना बघितलं आहे का? नवखा माणूस जोडीच्या दोन तारा छेडून ‘लागल्या की!’ म्हणतो. गुरुजी मणी केसभर सरकवतात, पुन्हा छेडतात, मान हलवतात. दोन तारांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल तर आवाज सेकंदातून एकदा फुगतो आणि ओसरतो. नवख्यालाही ती लाट ऐकू येत असते. ती ऐकायची असते हे त्याला ठाऊक नसतं. एकदा कोणी ‘हे बघ, वांव... वांव... ऐकलंस?’ म्हणून दाखवलं की आयुष्यभर ऐकू येत राहते.

फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २००६ साली हे मोजलं. दहा-दहा वर्षं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना स्वरातला जो बारीक फरक कळत होता, तो न शिकलेल्यांना सुरुवातीला सहापटीने मोठा असावा लागत होता. चार ते आठ तासांच्या सरावानंतर न शिकलेले त्यांच्या पंक्तीला येऊन बसले. अर्थात त्या आठ तासांनी कोणाला यमन येत नाही. ओळखला तो फक्त फरक.

एक कळकळीची विनंती. कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास हीच सुरक्षिततेची हद्द मानतात, आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरपुढे उभं राहायचंच असेल तर कानात बोळे घाला. ढोल-ताशा वाजवणाऱ्यांनी तर आधी.

अंध व्यक्तींचे कान जास्त तीक्ष्ण असतात का?

कान तेच असतात, मेंदूतली जागा जास्त मिळते. १९९६ साली दिसून आलं की लहानपणापासून अंध असलेली माणसं बोटांनी ब्रेल वाचताना त्यांच्या मेंदूचा एरवी ‘दृष्टीसाठी’ असलेला भाग कामाला लागतो. अमेरिकेच्या डॅनियल किश यांचे दोन्ही डोळे कर्करोगामुळे वयाच्या तेराव्या महिन्यापर्यंत गेले. ते जिभेने टक्‌टक्‌ आवाज करतात आणि प्रतिध्वनीवरून समोर झाड आहे की कुंपण ते ओळखतात. सायकलसुद्धा चालवतात. डोळे असलेल्यालाही याचा थोडा अंदाज घेता येतो: डोळे मिटून टक्‌टक्‌ करत हळूहळू भिंतीकडे जा. भिंत हातभर अंतरावर आली की आवाज ‘जवळ’ येतो. मराठीत यासाठी चाहूल हा फार नेमका शब्द आहे.

तिखट ही चव आहे का?

शास्त्राच्या हिशेबात नाही. जिभेला कळणाऱ्या चवी पाच: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्श्यात लागते तशी रुचकर चव). उमामी १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने सांगितली. मिरचीतलं कॅप्सायसिन चवीच्या कळ्यांना सोडून थेट त्या मज्जातंतूंना चेतवतं जे ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखतात. ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजलेलं नसतं, मेंदूला तशी खबर जाते. हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाचे ग्राहक शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर. पेपरमिंट गार लागतं त्याचंही कारण असंच, तिथे थंडीचा ग्राहक फसतो. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाण्यापेक्षा वाटीभर दही बरं.

आयुर्वेद सहा रस मानतो आणि त्यात तिखट आहे. इथे शब्दांनी गंमत केली आहे. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. कटुचं मराठीत कडू झालं आणि अर्थ उलटला. आपलं तिखट आलं ते ‘तीक्ष्ण’वरून. टोचणारं, धारदार. ज्युलियस यांचं संशोधन बघता शब्द अगदी अचूक निवडला आहे.

जिभेचा तो नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू, साफ चूक आहे. चिमूटभर साखर जिभेच्या कडेला ठेवून बघा.

कापडाचा पोत हाताने कळतो, की तो दुकानदाराचा अभिनय?

कळतो. २०१३ साली स्टॉकहोममध्ये केलेल्या प्रयोगात माणसाच्या बोटाने गुळगुळीत पृष्ठभाग आणि १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग यांतला फरक ओळखला. आपला केस त्याच्या काही हजारपट जाड असतो. एकच अट, बोट फिरवावं लागतं. नुसतं ठेवून कळत नाही.

इंद्रियं पाचच असतात ना?

मोजायला बसलात तर जास्त. तोल सांभाळणारं कानातलं यंत्र, उष्णता, वेदना, भूक-तहान. आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे आपले हातपाय कुठे आहेत ते न बघता कळणं. मल्लखांबावर उलटा लटकलेला मुलगा पाय कुठे अडकवायचा ते डोळ्यांनी बघत नाही. इंग्लंडच्या इयन वॉटरमन यांची ही जाणीव १९७१ साली एका आजारपणानंतर गळ्याखाली पूर्ण गेली. स्नायू धडधाकट होते, पण उभंही राहता येईना. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून करायला ते शिकले. दिवे गेले की कोसळायचे.

फलंदाजाला १४० च्या वेगाचा चेंडू दिसतो तरी कसा?

पूर्ण दिसत नाहीच. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून तो साधारण ०.४५ सेकंदात पोचतो. बघून प्रतिक्रिया द्यायला ०.२ सेकंद जातात. मायकेल लँड आणि पीटर मॅकलाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा कळलं की ते चेंडूचा पाठलाग करत नाहीत. सुटताना बघतात आणि मग नजर उडी मारून, चेंडू जिथे टप्पा घेणार तिथे आधीच जाऊन बसते. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर पडते. त्याचे डोळे वेगवान नसतात, त्याचा अंदाज वेगवान असतो.

मग समोर ठेवलेली किल्ली का दिसत नाही?

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने केली त्याला मानसशास्त्राची पदवी द्यायला हवी होती. १९९९ साली सायमन्स आणि चॅब्रिस यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवून बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती चालत येते, छाती बडवते, निघून जाते. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. २०१३ साली याच धर्तीवर फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसडून ते २४ रेडिओलॉजिस्टना दिलं. २० जणांना दिसलं नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर त्या चित्रावरून गेली होती. ते गाठी शोधत होते, आणि शोधत नाही ते डोळ्यांपुढे असूनही हरवतं. फोन कानाला लावून गाडी चालवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

स्मरणशक्ती वाढवता येते का?

येते, पण एका वेळी एकाच खणात. अमेरिकेत १९८० च्या सुमारास एका सामान्य विद्यार्थ्याकडून आकडे पाठ करण्याचा सराव करून घेतला. सुरुवातीला त्याला इतरांसारखे सातच आकडे लक्षात राहायचे. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ पर्यंत पोचला. धावपटू होता, तेव्हा आकड्यांची तो शर्यतींतल्या वेळांशी सांगड घालायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. पुन्हा सहावर!

बुद्धिबळातही तेच. निष्णात खेळाडूला खऱ्या डावाचा पट पाच सेकंद दाखवला तर तो जवळजवळ सगळा मांडून दाखवतो. सोंगट्या कशाही ठेवल्या तर तो तुमच्या-माझ्यासारखाच.

मेंदू बदलतो हे मात्र खरं. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली त्यांच्या मेंदूत स्थळांच्या स्मृतीशी जोडलेला भाग मोठा असल्याचं दाखवलं. मुळात ज्यांचा मोठा तेच टॅक्सीकडे वळतात की काय, ही शंका रास्त होती. २०११ साली शिकाऊ चालकांना आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा जे परीक्षा पास झाले त्यांच्यातच तो वाढलेला आढळला. आपल्याकडच्या वेद मुखोद्गत केलेल्या वैदिकांच्या मेंदूतही असे फरक २०१६ साली नोंदले गेले. वेदपाठाच्या घनपाठ या प्रकारात दोन शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट, मग तिसरा जोडून पुन्हा तोच खेळ. बालपणापासून रोज कित्येक तास.

शकुंतलादेवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दोन तेरा-अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला. त्यांच्याबद्दल विचारलं की मी हात जोडतो. सगळ्यालाच सराव पुरतो असं मी कधी म्हटलेलं नाही.

मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासला मुलाला घालू का? डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे.

नको. मुलं नाकाशेजारच्या फटीतून खाली बघून वाचतात. मी अशा एका प्रात्यक्षिकाला गेलो होतो. नऊ-दहा वर्षांची मुलगी, पट्टी बांधलेली, हातातलं कार्ड पोटाजवळ धरून हनुवटी किंचित वर करून वाचत होती. मी तेच कार्ड तिच्या कपाळासमोर धरलं. ती गप्प झाली, आणि संचालकांनी घाईघाईने ‘ऊर्जा कमी झाली’ म्हणून कार्यक्रम पुढे नेला. मला त्या मुलीचं वाईट वाटलं. आईबाबांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून ती खोटं बोलायला शिकत होती.

‘आपण मेंदूचा दहाच टक्के वापरतो’ हेही त्याच दुकानातलं वाक्य. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण एक पंचमांश ऊर्जा एकटा खातो. नव्वद टक्के बसून खाणारा नोकर शरीराने पोसला नसता.

मोबाइलवरचे बुद्धीचे खेळ?

खेळा, त्या खेळात तरबेज व्हाल. ११ हजारांहून जास्त लोकांवर सहा आठवडे घेतलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इतर कशातही फायदा दिसला नाही.

आणि बदाम?

चांगले लागतात. बुद्धीसाठी त्याआधी मुलाची झोप, हिमोग्लोबिन आणि शाकाहारी असाल तर बी-१२ बघा. तिथली कमतरता खरोखर डोकं मंदावते.

वयाबरोबर काय काय जातं?

डोळ्यातलं भिंग ताठर होतं, वर्तमानपत्र लांब धरावं लागतं. मराठीने या चष्म्याला वयावरूनच ‘चाळिशी’ नाव दिलं. अंधारात बाहुलीही पूर्वीइतकी उघडत नाही. कानांचं जरा कपटी असतं. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, फ, थ ही व्यंजनं तिथेच राहतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतंय रे, पण तू पुटपुटतोस.’ ओरडून उपयोग नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. आणि कान तपासून घ्या. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत वाढतच राहतो. वास अचानक गेला, एका डोळ्याने एकाएकी कमी दिसू लागलं किंवा एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर वयावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या आकाशदर्शनाला येताना काय आणायचं?

स्वेटर, सतरंजी, पाण्याची बाटली. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबराने बांधून आणा, मंद लाल उजेडाने दंडपेशी फारशा विचलित होत नाहीत. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी. ते काका हल्ली घरीच ठेवून येतात.